हे कोणी ठरवलं?

दुकानात नवा संगणक आला त्या दिवशी मी नारळ फोडला, हाताखालच्या पोराने पेढे वाटले आणि चाचांनी कोरी फाइल उघडून उर्दूत एक ओळ टाइप केली. ओळ पडद्यावर उमटली. चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत चढवला. पेढा हातात तसाच. म्हणाले, "हे कोणी ठरवलं?"

मला वाटलं, पेढ्याबद्दल बोलतायत. साखर जरा जास्तच होती. पण चाचांचं बोट पडद्याकडे होतं. ओळ बरोबर होती, शुद्ध होती, उजवीकडून डावीकडे नीट चालली होती. पण ती नस्खमध्ये आली होती. उर्दू आणि नस्खमध्ये! चाचांनी पेढा खोक्यात परत ठेवला.

चाचा माझे कोणी लागत नाहीत. नगरला दिल्ली गेटच्या आत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडाटा, सातबाऱ्याच्या प्रती, दहाव्याचे कागद, सगळं इथे होतं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले चाचा एकदा भाचीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. त्याला अकरा वर्षं झाली. भाचीचा मुलगा आता चौथीत आहे, चाचा अजून रोज येतात. दुपारची नमाज झाली की येतात, ग्राहकांच्या दोन खुर्च्यांपैकी पंख्याखालची धरतात आणि पडद्यावर जे काही चाललं असेल त्यात लक्ष घालतात. उर्दूचं काम आलं की पोरगा नुसता उठून उभा राहतो. चाचा त्याच्या जागी जाऊन बसतात. पगार नाही. दोन चहा आणि वादाला माणूस, एवढ्यावर ते खूश आहेत.

"हे कोणी ठरवलं?" हा त्यांचा श्वास आहे. संगणकापुरता मर्यादित नाही. हॉटेलात चहा गोड आला, हे कोणी ठरवलं? मोबाइल घेतला आणि तो घोड्यासारखा खिंकाळायला लागला, हे कोणी ठरवलं? मुलाने नवीन फ्रिज आणला, त्याचं दार उजवीकडे उघडतं, चाचांच्या स्वयंपाकघरात डावीकडे उघडायला हवं. कंपनीचा माणूस म्हणाला, "सगळ्यांकडे असंच असतं." झालं. सगळ्यांकडे असंच असतं हे वाक्य चाचांना सांगू नये. त्या माणसाला त्यांनी तासभर बसवून, शरबत पाजून, दार फिरवून घेतलं. असा एक माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे माझे मोठे काका होते. कारखान्यातून पट्ट्याला जेवढी भोकं पाडून आली तेवढी त्यांनी आयुष्यात कधी मान्य केली नाहीत. घरी येऊन खिळा तापवायचे.

आता हे नस्ख काय प्रकरण आहे, ते चाचांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेत सांगू शकतो. अरबी लिपी एक, पण तिची वळणं अनेक. नस्ख हे सरळ ओळीवर बसणारं वळण. कुराण बहुधा त्यात छापतात, अरबी वर्तमानपत्रं त्यात निघतात, सिंधी आणि पश्तो त्यात सुखाने नांदतात, फारसीवाल्यांनीही छपाईपुरती ती पत्करली. उर्दू आणि काश्मिरी मात्र अडून बसल्या. त्यांना नस्तालीक लागतं. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि तिरका घसरत डावीकडे खाली उतरतो.

"तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली," चाचा म्हणतात, "आमची घसरगुंडीवरून येतात."

आणि जगातली बहुतेक ऑफिस सॉफ्टवेअरं अरबी लिपी दिसली की विचारपूस न करता नस्ख लावून मोकळी होतात. त्यांच्या लेखी अरबी लिपी म्हणजे अरबी. शिवाय नस्ख सोयीची आहे. एका ओळीत गपगुमान बसते, मेन्यूच्या पट्टीत मावते. नस्तालीकला वर-खाली जागा लागते. एक्सेलच्या चौकटीत ते घातलं की शब्दाचं डोकं छाटलं जातं नाहीतर पाय. एका शाळेची निकालपत्रकं चाचांनी अशी हट्टाने नस्तालीकमध्ये केली आणि मग प्रत्येक ओळीची उंची हाताने वाढवत बसले. चाळीस मुलांचा निकाल अकरा पानांवर गेला. मुख्याध्यापक म्हणाले, चाचा, कागद महाग आहे. चाचा म्हणाले, मुलांची नावं स्वस्त आहेत का?

नस्खला ते वाईट मात्र म्हणत नाहीत. एकदा मी त्यांना खूश करायला नस्खला नावं ठेवली तर माझ्यावरच उखडले. "नस्ख देखणी आहे. पण तिच्या जागी. शेर नस्खमध्ये वाचायचा म्हणजे नवरदेवाला रेनकोट घालून मांडवात आणायचं. भिजणार नाही, कबूल. पण वरमाय काय म्हणेल?"

त्यांच्या खिशात एक बोरू असतो. आपल्याकडे बोरूबहाद्दर हा शब्द उरला, बोरू गेला. चाचांकडे बोरू उरलाय. पेनच्या शेजारी रुमालात गुंडाळून ठेवलेला, टोक तिरपं तासलेलं. तरुणपणी त्यांनी किताबत शिकली होती. तेव्हा उर्दूची छपाई लिथोवर चालायची. कातिब म्हणजे लेखनिक सगळा मजकूर हाताने लिहायचा आणि तो दगडावर उतरवायचा. खाडाखोड चालत नसे. चेन्नईचं "द मुसलमान" हे उर्दू दैनिक 1927 पासून निघतंय आणि संगणक आल्यावरही कित्येक वर्षं त्याची पानं कातिबच लिहीत होते, हे चाचा प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतात. ग्राहक आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला असतो.

तर हा बोरू. वहीच्या कागदावर चाचा त्याचं टोक टेकवून उचलतात. शंकरपाळ्यासारखा एक ठिपका पडतो. हा नुक्ता. नस्तालीकमध्ये सगळं या ठिपक्याने मोजायचं. अलिफ हे अक्षर तीन नुक्ते उंच. बेची नाव किती लांब, जीमचं पोट किती खोल, सगळ्याला नुक्त्यांचा हिशोब. चाचा कागदाच्या पट्टीवर एकाखाली एक तीन नुक्ते काढतात आणि ती पट्टी माझ्या पडद्यावर अलिफच्या बाजूला धरतात. फॉन्टचा आकार पट्टीला जुळेपर्यंत मोठा करत नेतात. मग एक डोळा मिटतात. इतका वेळ पोरगा, मी आणि झेरॉक्सला आलेला माणूस, कोणी हलत नाही. "पाव नुक्ता कमी आहे," असं म्हणून चाचा पट्टी खाली ठेवतात. त्या पाव नुक्त्याचं पुढे काय करायचं, ते मात्र कधीच सांगत नाहीत. सांगण्यासारखं नसेलच. हळहळायचं.

एवढी मोजमापं संगणकात कशी घातली, असं मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं. त्या दिवशी दुकान साडेनऊला बंद झालं. मिर्झा अहमद जमील या पाकिस्तानी खुशनवीसाने, म्हणजे सुलेखनकाराने, अक्षरांच्या सुमारे 20,000 जोडाकृती एकेक करून हाताने लिहिल्या, मोनोटाइप कंपनीने त्या यंत्रात घातल्या आणि 1981 मध्ये "जंग" हे दैनिक त्या अक्षरांत निघालं. नूरी नस्तालीक ते हेच. "वीस हजार!" चाचा दोन्ही हात पसरून म्हणाले. "आणि तुझा पोरगा एका पत्रिकेला चार चुका करतो." मग 1994 मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचं इनपेज हे सॉफ्टवेअर आलं आणि गल्लीबोळातला माणूसही उर्दू नस्तालीकमध्ये छापू लागला. चाचांच्या पेनड्राइव्हमध्ये आजही जुन्या इनपेजच्या फायली आहेत. त्यातला मजकूर उचलून सरळ ऑफिसच्या फायलीत टाकला की चिन्हांचा पाचोळा पडतो. यावर मी त्यांना हसायचो. एकदा त्यांनी माझ्या जुन्या फायली उघडायला लावल्या. माझ्या सगळ्या जुन्या मराठी पत्रिका, तो फॉन्ट नव्या संगणकात नसल्यामुळे, इंग्रजी अक्षरं आणि डॉलरच्या खुणांनी भरलेल्या होत्या. गणपतीच्या नावाच्या जागी स्वल्पविराम आणि चौकोनी कंस. चाचा काही बोलले नाहीत. नुसता चहा मागवला.

पण आमचं खरं भांडण सुरू झालं ते पेढ्यांच्या त्या आठवड्यात.

नव्या संगणकावरच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये कोरी फाइल कोणत्या फॉन्टात उघडावी, ते एकदाच ठरवून ठेवायची सोय असते. चाचांना ती सापडली आणि त्यांचे डोळे लकाकले. आयुष्यभर "कोणी ठरवलं" विचारणाऱ्या माणसाला ठरवायची खिडकीच उघडून मिळाली. तिथे तीन रकाने होते. पहिला पाश्चात्त्य, म्हणजे इंग्रजी वगैरे. दुसरा आशियाई. चाचांनी मोठ्या अपेक्षेने तो उघडला, तर आत चिनी, जपानी आणि कोरियन. नगर आशियात येत नाही हे आम्हा दोघांना त्या दिवशी कळलं. तिसऱ्याचं नाव होतं जटिल मांडणीच्या लिप्या. ज्यांची अक्षरं जागा बघून रूप बदलतात, एकमेकांना चिकटतात, वर-खाली मात्रा घेतात, असे सगळे त्यात कोंबलेले. अरबी, हिब्रू, थाई, देवनागरी.

"म्हणजे आपण दोघं एकाच खोलीत," चाचा म्हणाले.

"जटिल," मी म्हणालो.

"ते घरचे म्हणतातच."

त्यांनी त्या रकान्यात नस्तालीक लावलं आणि समाधानाने घरी गेले. सकाळी मी सत्यनारायणाचं निमंत्रण करायला बसलो. कोरी फाइल उघडली, "श्री" टाइप केला. नस्तालीकच्या फॉन्टात देवनागरी कुठून असणार? संगणकाने हाताला लागेल तो तिसराच फॉन्ट उचलून वेळ मारून नेली. श्री आला, पण कुठल्यातरी परक्या घरून आलेला. मी मुकाट्याने रकान्यात देवनागरी फॉन्ट परत लावला. दुपारी चाचा आले, त्यांनी कोरी फाइल उघडली, बिस्मिल्ला टाइप केलं आणि माझ्याकडे पाहिलं. रेनकोट.

पंधरा दिवस हे चाललं. सकाळी मी, दुपारी ते. बोलणं नेहमीसारखं, चहा नेहमीसारखा, रकान्याबद्दल दोघांपैकी कोणीही अवाक्षर काढत नव्हतं. मध्ये गिऱ्हाइकांचे हाल. एका वऱ्हाडाच्या पत्रिकेत "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" ही ओळ एका फॉन्टात आणि मामा दुसऱ्या फॉन्टात गेला. शेवटी मी तोंड उघडलं. म्हटलं, चाचा, अहो, दिवसाला वीस कामं मराठीची आणि एखादं उर्दूचं. बहुमत बघा.

चाचांनी पट्टी काढली नाही, बोरू काढला नाही. खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या मराठी मजकुरातल्या "लग्नाला" या शब्दावर बोट ठेवलं.

"हा ल कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? ल आहे."

"हिंदीचा आहे. मराठी ल दोन पाकळ्यांचा. तुम्हाला पहिलीत बाईंनी कोणता शिकवला?"

मी पडद्याजवळ गेलो. माझ्या दुकानाच्या पाटीवर, माझ्या हातच्या अक्षरात, आईच्या पोथ्यांमध्ये ल दोन पाकळ्यांचा होता. पडद्यावरचा ल दुसराच होता. किती वर्षं हा ल मी पत्रिकेपत्रिकेतून नगर जिल्हाभर वाटत होतो! पारनेर, शेवगाव, पाथर्डी, सगळीकडे माझा परका ल गेला होता. मी कधी विचारलं नव्हतं की हे कोणी ठरवलं. आलं ते घेतलं. चाचांनी शांतपणे सांगितलं की महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये निर्णय काढून मराठी वर्णमाला ठरवून दिली, त्यात पाकळीचाच ल आहे. आणि कित्येक फॉन्टात दोन्ही ल असतात, मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केली की मराठी वळण आपसूक येतं. एक क्लिक. त्यांनी करून दाखवलं. ल माझ्या डोळ्यांदेखत घरी आला.

"आणि मंगल फॉन्ट कोणाच्या हातचा?" जाता जाता त्यांनी विचारलं. विंडोजमध्ये हिंदी-मराठीला वर्षानुवर्षं यायचा तो मंगल. मी रोज वापरायचो. मला माहीत नव्हतं. "र. कृ. जोशी. तुमचे मराठी कवी. मराठी माणसाच्या हातचा फॉन्ट आणि मराठी माणसालाच पत्ता नाही," असं म्हणून त्यांनी पेढ्याचं रिकामं खोकं कचऱ्यात टाकलं.

या माणसाशी भांडता येत नाही, कारण तो आपल्याही बाजूने भांडत असतो.

त्यांचा एक हळवा कोपरा मात्र आहे, आणि तो भुईकोट किल्ल्यात आहे. किल्ल्यावरून रिक्षा गेली की चाचा आपोआप सरळ बसतात. 1942 मध्ये ऑगस्टच्या धरपकडीनंतर इंग्रजांनी काँग्रेसचे पुढारी इथे आणून ठेवले. नेहरूंनी "भारताचा शोध" इथे लिहिला हे नगरच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. मौलाना आझादांनी "गुबार-ए-खातिर" इथेच लिहिलं, हे सांगायला चाचा लागतात. ती एका मित्राला लिहिलेली पत्रं, पण तुरुंगातून पाठवता येत नव्हती. पुस्तक होऊन 1946 मध्ये बाहेर आली. त्यात राजकारण थोडं आणि खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या जास्त. आणि चहा. मौलाना पहाटे उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करायचे, बिनदुधाचा, आणि चहात दूध घालणाऱ्यांना त्यांनी चांगलं फैलावर घेतलंय.

"उर्दूतलं इतकं उत्तम गद्य आपल्या नगरात लिहिलं गेलं," चाचा म्हणतात, "आणि आपल्या नगरातल्या संगणकाला उर्दू लिहिता येत नाही." हे म्हणताना त्यांच्या हातात कोपऱ्यावरच्या टपरीचा, उकळून उकळून विटकरी झालेला दुधाचा चहा असतो. बशीत ओततात, फुंकर मारतात. "मौलाना माफ करें," म्हणतात आणि भुरकतात.

अलीकडे त्यांना नवीन काम लागलंय. 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि शाळा, संस्था, पतपेढ्या, सगळ्यांची पत्रशीर्षं नव्याने करायला आली. मराठीत काही अडचण नाही, ह तो ह. उर्दूत ह दोन. अहमदमधली बडी हे, अहिल्यामधली छोटी हे. एका संस्थेच्या पोराने घाईत जुन्या नावातलीच हे ठेवून पुढची अक्षरं बदलली. चाचांनी कागद हातात घेतला आणि बसलेले उभे राहिले. त्या पोराला तिथेच समोर बसवून बोरूने दोन्ही हे दहा-दहा वेळा गिरवायला लावल्या. पोरगा बी.कॉम. झालेला आहे, मोटारसायकल बाहेर नो-पार्किंगमध्ये होती. दहा वेळा गिरवल्यावर चाचांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, हात वाईट नाही तुझा. आता तो पोरगा शनिवारी दुपारी येतो. बोरू विकत कुठे मिळतो, विचारत होता. मला भीती वाटते, तिसरी खुर्ची घ्यावी लागणार.

रकान्याचा तंटा मिटला. तडजोड त्या पोरानेच सुचवली: दोन वेगळ्या कोऱ्या नमुना-फायली करून ठेवायच्या. पडद्यावर त्या आता शेजारी शेजारी आहेत. एकीचं नाव "मराठी", दुसरीचं "उर्दू". मराठीच्या फायलीत भाषा मराठी, ल पाकळ्यांचा, ओळी आटोपशीर. उर्दूच्या फायलीत नस्तालीक, आणि ओळींमधली जागा इतकी सढळ की कागदाचा खर्च मी आता दरपत्रकातच धरतो. दोन्ही फायली चाचांनी केल्या. माझ्या फायलीला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "चालेल ना?" अकरा वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा परवानगी विचारली होती. मी इतका गडबडलो की हो म्हणालो. मग बघतो तर त्यांनी माझ्या मजकुराचा आकारही दीड पॉइंटने वाढवून ठेवला होता. वय झालं तुमचं, म्हणाले.

तर उर्दू पत्रिका छापायची असेल तर दुपारी तीननंतर या, चाचा असतात. मजकूर हाताने लिहून आणा, इनपेजची फाइल आणा, मोबाइलवर टाइप केलेला असला तरी चालेल. पीडीएफ तेवढी आणू नका. तिच्यात सहजी काही बदलता येत नाही, आणि मग चाचा संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघत बसतात.